तीन गाड्या, तीन लाख आणि लर्निंग लायसन्स

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय २६, राहायला जुळे सोलापूर, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गारमेंट युनिटमध्ये. गेल्या महिन्यात लर्निंग लायसन्स निघालं, ड्रायव्हिंग स्कूल चालू आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला आता स्कूटीवर बसवत नाही, म्हणून चारचाकी घ्यायची आहे. जमवलेले पैसे तीन लाख. तीन गाड्या समोर आहेत. पहिली बाबांच्या ओळखीतली, २०१२ ची आय-टेन पेट्रोल, एमएच १३, फर्स्ट ओनर, ६४ हजार किलोमीटर, १ लाख ७० हजार. दुसरी भावाने शोधलेली, २०१४ ची स्विफ्ट डिझेल, केए २८ पासिंग, थर्ड ओनर, १ लाख १० हजार किलोमीटर, २ लाख ६० हजार. तिसरी २०१६ ची वॅगन आर, कंपनी फिटेड सीएनजी, एमएच १३, सेकंड ओनर, ७२ हजार किलोमीटर, २ लाख ७५ हजार. “बाबा आय-टेन म्हणतात, भाऊ स्विफ्ट म्हणतो. मला वॅगन आर बरी वाटते, पण सीएनजीची भीती वाटते. कोणती घेऊ?”

---

ताई, आधी उत्तर. स्विफ्ट सोडून द्या. वॅगन आर घ्या, पण सांगितलेल्या किमतीला नाही, आणि खाली लिहिलेली तपासणी पार पडल्याशिवाय तर मुळीच नाही. आय-टेन राखीव ठेवा. कारणं सविस्तर लिहितो आहोत, कारण बाबांना आणि भावाला ती तुम्हालाच समजावून सांगायची आहेत.

गाड्यांच्या आधी पैशांचं बोलू. तीन लाख जमलेत म्हणजे तीन लाखांची गाडी घ्यायची नाही. जुन्या गाडीची खरी किंमत म्हणजे विकणाऱ्याला दिलेले पैसे आणि पहिल्या महिन्यात गॅरेज, आरटीओ आणि विम्यात जाणारे पैसे यांची बेरीज. चार टायर बदलायचे निघाले तर या आकाराच्या गाडीला साधारण १२ ते १४ हजार लागतात. क्लच सेट मजुरीसकट ६ ते ८ हजार, बॅटरी चारेक हजार. एसीचा कॉम्प्रेसर गेला असेल तर तो एकटाच १० हजारांच्या पुढे जातो. म्हणून ४० हजार रुपये आधीच बाजूला काढा आणि ते नाहीतच असं धरून सौदा करा. तुमची मर्यादा २ लाख ६० हजार, एक रुपया वर नाही.

स्विफ्ट का नको

केए २८ म्हणजे विजापूर पासिंग. सीमेपलीकडची गाडी आपल्याकडे स्वस्त दिसते, पण तिच्या मागे जे लागतं ते किमतीत धरलेलं नसतं. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी आधी विजापूरच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला आणायचा. गाडीवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, असेल तर ती आधी उतरवायची. मग सोलापूर आरटीओत नव्याने नोंदणी करायची आणि गाडीची मूळ किंमत व वय पाहून महाराष्ट्राचा कर भरायचा. कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मिळतो, पण तो तिकडे अर्ज करून, हेलपाटे घालून. तिसऱ्या मालकाकडून घेताना पहिल्या दोघांचे कागद नीट असतीलच असं नाही. हे सगळं निस्तरेपर्यंत तुमचं लर्निंग संपून पक्कं लायसन्स येईल आणि गाडी दारातच उभी असेल.

दुसरं कारण चालवण्याचं. भाऊ म्हणतो तो दम खरा आहे. पण या डिझेल इंजिनाचा टर्बो साधारण दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेला असतो आणि मग एकदम ढकलतो. ज्याचा हात बसलाय त्याला यात मजा येते. नवख्याची गाडी मात्र सात रस्त्याच्या गर्दीत आधी बंद पडते, आणि पुन्हा चालू करून थोडं जास्त दाबलं की पुढच्या रिक्षावर जाते. तुमचं रोजचं अंतरही शहरातल्या शहरातलं. डिझेल परवडतं ते लांब आणि रोज पळणाऱ्याला. थोडं पळून बंद होणाऱ्या जुन्या डिझेलचे इंजेक्टर आणि टर्बो निघाले, तर वर्षभर वाचवलेलं इंधन एका बिलात जातं.

आय-टेन: बाबांचं कुठे बरोबर आहे

ओळखीचा पहिला मालक आणि खरे किलोमीटर, याची किंमत बाबांना बरोबर कळली आहे. गाडीही शिकायला चांगली. स्टिअरिंग हलकं, गिअरचा दांडा उंचावर हाताशी, वळायला जागा कमी लागते.

अडचण वयाची आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे हिची २०२७ मध्ये संपते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याआधी फिटनेस तपासणी. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या मोटारीचं हे शुल्क ५ हजार रुपये झालं, वर राज्याचा पर्यावरण कर. हे काही डोंगराएवढं नाही, पण गाडी विकायला काढाल तेव्हा हीच तारीख समोरचा पुढे करून भाव पाडेल. तुम्हीही आज तेच करा.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची. आय-टेनच्या १.१ लिटर इंजिनात साखळी नसून रबरी पट्टा असतो. ६४ हजार किलोमीटर कमी वाटतात, पण पट्टा वयानेही वाळतो, आणि आपल्या उन्हात जास्तच. तो बदलल्याचं बिल मालकाकडे असेल तर उत्तम. नसेल तर गाडी घेतल्या आठवड्यात टेन्शनरसकट, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीसकट, बदलायचा. धावताना तुटला तर इंजिन उघडायची पाळी येते. रेडिएटरचे होज, दरवाज्यांचे रबर, इंजिनाचे माउंट ही सगळी रबरं याच वयाची आहेत.

वॅगन आर तपासणीत नापास झाली, तर आय-टेन सव्वा ते दीड लाखात तीन-चार वर्षं वापरायची गाडी म्हणून घ्यायला हरकत नाही. १ लाख ७० हजार जास्त आहेत.

वॅगन आर का

पहिलं कारण तुमच्या आई. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बुटक्या गाडीत खाली उतरून बसावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. वॅगन आरची सीट साधारण खुर्चीच्या उंचीची, छत उंच, दार मोठं उघडतं. सौदा करण्याआधी आईंना एकदा त्या गाडीत बसवा आणि उतरवा. पुढच्या सीटवर आणि मागेही. बाकी सगळ्या तपासण्या मेकॅनिक करेल, ही फक्त त्याच करू शकतात.

दुसरं कारण तुम्ही. उंच बसल्यामुळे बॉनेट कुठे संपतं हे दिसतं, मोठ्या काचांमुळे मागे घेताना मान वळवून कोपरे दिसतात. नव्या ड्रायव्हरच्या हातून गाडी घासते ती बहुतेक मागे घेताना, फाटकात नाहीतर पार्किंगमध्ये. तिसरं, हजार सीसीच्या या इंजिनात टायमिंग साखळी आहे, या गाडीचं काम आपल्याकडे कुठल्याही गॅरेजला येतं आणि सुटे भाग सहज मिळतात. विम्यातही फरक पडतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार थर्ड पार्टीचा, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, वर्षाचा हप्ता हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. वॅगन आर पहिल्या गटात बसते. आय-टेन आणि स्विफ्ट दुसऱ्या.

आता सीएनजीची भीती. कंपनीने बसवलेलं किट असेल आणि ते सांभाळलेलं असेल, तर घाबरायचं कारण नाही. चार गोष्टी पाहा. आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही लिहिलेलं हवं. विमा पॉलिसीतही सीएनजीचा उल्लेख हवा, नाहीतर दावा अडतो. डिकीतल्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख प्लेटवर असते. ती उलटून गेली असेल तर चाचणीचा खर्च आणि गाडी अडकून पडणारे दिवस मालकाच्या खाती. चौथं, साबणाचं पाणी घेऊन टाकीच्या व्हॉल्व्हपाशी आणि पाइपच्या जोडांवर ब्रशने लावायचं. बुडबुडे आले तर गळती आहे, त्या दिवशी व्यवहार बंद.

सीएनजी गाडीत आणखी एक खोड असते आणि ती लपवली जाते. वर्षानुवर्षं फक्त गॅसवर पळवलेल्या गाडीची पेट्रोलची बाजू मरते. इंजेक्टर चोंदतात, पंप आवाज करतो. म्हणून गाडी पेट्रोलवर किमान पाच किलोमीटर चालवून घ्या, मग गॅसवर टाका. बदलताना झटका बसला, किंवा पेट्रोलवर उभी असताना इंजिन थरथरलं, तर इंजेक्टर साफ करण्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. टाकीमुळे डिकीत सामान मावणार नाही, हेही आत्ताच मान्य करून टाका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. २०१६ च्या साध्या मॉडेलमध्ये एअरबॅग नसतात, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएसही नसतं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि एबीएसही त्याच वर्षी आलं. शोधता शोधता याच पैशांत २०१९ च्या उत्तरार्धातली किंवा २०२० ची एखादी अल्टो चांगल्या अवस्थेत मिळाली, तर तीही नक्की बघा. आकाराने लहान आणि बुटकी आहे, आईंना बसायला त्रास होईल. पण तुम्ही एकट्याच जास्त चालवणार असाल, तर एअरबॅग आणि एबीएस ही सुरक्षितता खरोखर मोलाची आहे. तिच्या आधीच्या अल्टो ८०० च्या अगदी बेसिक मॉडेलला पॉवर स्टिअरिंग आणि एसी दोन्ही नसतं, ती घेऊ नका.

तपासणी: एकदा सकाळी, एकदा दुपारी

गाडी दोनदा पाहायची. पहिल्यांदा सकाळी सहा-सातला, मालकाच्या दारात. आदल्या दिवशी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिलं काम, तळहात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच तापवली आहे, आणि थंड इंजिनाचे जे दोष असतात ते तापल्यावर झाकतात. अशा वेळी चहा घेऊन परत या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

बॉनेट उघडा. ऑइलची काडी ओढून पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल काळं असणं गुन्हा नाही. दुधाळ, कॉफीसारखं असेल तर पाणी मिसळलंय, गाडी सोडा. कूलंटची टाकी बघा. हिरवा, लाल किंवा निळा स्वच्छ रंग हवा. गढूळ तांबूस पाणी दिसलं तर त्यात बोअरचं पाणी ओतलेलं आहे. आपल्याकडे हे फार दिसतं. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतात, मे महिन्यात एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की काटा वर चढतो, आणि तेवढ्यात थांबलं नाही तर हेड गॅस्केट जातं. रेडिएटरचं झाकण फक्त थंड गाडीचं उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता एक जण गाडी चालू करेल आणि दुसरा मागे सायलेन्सरकडे पाहत उभा राहील. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ येते, ती विरते. निळसर धूर आला आणि टिकला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा दाट धूर, गोडसर वासाचा, थांबतच नसेल तर कूलंट जळतंय. दोन्हींत गाडी नको. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून पाहा. हलकी वाफ चालते, भकाभका धूर आणि झाकण उडवणारा दाब नाही चालत.

क्लचची परीक्षा मोकळ्या जागी, अनुभवी माणसाकडून. हँडब्रेक पूर्ण ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा, थोडं ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. इंजिन घोंघावत राहिलं आणि गाडी जागची हललीच नाही, तर प्लेट संपली आहे. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.

बॉडीकडे येऊ. ओरखडे आणि चेपलेला बंपर पाहून नाक मुरडू नका. उलट ते भाव कमी करायला उपयोगी, आणि पहिल्या सहा महिन्यांत तुमच्याकडूनही दोन-तीन पडणारच आहेत. चकचकीत नव्या रंगाची २०१६ ची गाडी जास्त संशयास्पद. शोधायचा आहे तो मोठा अपघात. दरवाज्याचं रबर बोटाने ओढून खाली करा. कंपनीतून आलेल्या गाडीत तिथे एकसारख्या अंतरावर गोल स्पॉट वेल्डचे ठसे दिसतात. ते गायब असतील, जागा गुळगुळीत असेल किंवा गॅस वेल्डिंगची वेडीवाकडी रेघ असेल, तर तो भाग कापून जोडला आहे. हीच नजर बॉनेटखाली दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्यांवर (एप्रन) आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यावर टाका. एक छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्या. पत्र्यावर जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टचा रंग उडालेला असेल तर ते खोलले गेलेत. सगळ्या काचांवर कोपऱ्यात छापलेली खूण पाहा. पाच काचा २०१६ च्या आणि एक वेगळी असेल, तर ती का फुटली हे विचारा.

पुराची शंका आपल्या जिल्ह्यात खरीच घ्यायला हवी. ऑक्टोबर २०२० मध्ये आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना-भीमेकाठच्या भागात पाणी शिरलं होतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळून राहणाऱ्या भागावर चिखलाची रेघ दिसते. सीटखालचे लोखंडी रूळ गंजलेले असतील, पायाखालचा गालिचा उचलल्यावर कुबट वास येत असेल, तर ती गाडी पाण्यात होती. तिची वायरिंग तुम्हाला वर्षानुवर्षं वायरमनच्या दारात बसवेल. एरवी आपल्या कोरड्या हवेत गंज कमी असतो, तो मुंबई-कोकणातल्या गाड्यांत जास्त. आपल्या गाड्यांचा शत्रू ऊन. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडतात. त्या पॉलिश करून घ्या, शक्य नसेल तर बदला. गाळप हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या अंधारात मागच्या लाइटशिवाय रस्त्याने चालतात. मंद हेडलाइटमध्ये त्या नवख्या ड्रायव्हरला फार उशिरा दिसतात.

टायरच्या बाजूला चार आकडे अंडाकृती चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर आपल्या तापलेल्या रस्त्यावर भरवशाचा नाही. टायरची नक्षी एकाच बाजूने झिजलेली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा खालचे बुश गेलेत. किलोमीटर खरे की मीटर मागे केलेला, हे पेडलच्या रबरावरून आणि स्टिअरिंगच्या गुळगुळीतपणावरून कळतं. ७२ हजारांच्या गाडीत क्लच पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत असेल तर आकडा खोटा आहे. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरवर गाडीच्या नंबरावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागा. त्यांत प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात.

दुसरी भेट भर दुपारी, दोन-तीनला. एसी पूर्ण लावून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. आत गारवा टिकला पाहिजे, तापमानाचा काटा मधोमध थांबला पाहिजे आणि रेडिएटरचा पंखा चालू-बंद होताना ऐकू आला पाहिजे. मग चालवून पाहणं, पण तुम्ही नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकांना किंवा पक्क्या लायसन्सच्या अनुभवी माणसाला चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. नवी पेठेच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, मग होटगी रोडला मोकळं मिळेल तिथे ६० च्या वेगाने. एका सरळ पट्ट्यात स्टिअरिंग क्षणभर सैल सोडून गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक मारल्यावर पेडल थरथरतं का, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअर उडतो का, ते पाहा. रेडिओ बंद ठेवा, विकणाऱ्याला बोलतं ठेवू नका. खड्ड्यावरून जाताना येणारा खट-खट आवाज शांततेतच ऐकू येतो.

यानंतर ओळखीतल्या नव्हे, तर तुम्ही पैसे मोजलेल्या मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवून, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावून घ्या. पाचशे-हजार रुपये जातील, ते लाख वाचवतात. दोष आदल्या दिवशीच पुसून टाकले असतील, तर तेही बहुतेक स्कॅनरवर दिसतं.

कागद

वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, नोंदणी कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत आणि आरसीवर बोजा आहे का हे पाहा. वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या पानावर थकलेले दंड बघा आणि ते विक्रीआधी भरायला लावा. चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरून स्वतः वाचून आरसीशी जुळवा. एका आकड्याचाही फरक चालत नाही. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी. नसेल तर चारचाकीला ७४५ रुपये आणि जीएसटी, मालकाने भरावेत.

पसंत पडली तर इसार पाच हजारांपेक्षा जास्त देऊ नका, आणि पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि “मेकॅनिक तपासणीत मोठा दोष निघाल्यास इसार परत” असं लिहून घ्या. बाकी सगळी रक्कम बँकेतून. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा ना हरकत दाखला. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. कोरे सह्या केलेले फॉर्म हातात देऊन “नाव नंतर करून घ्या” म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. नाव बदलेपर्यंत पाच-दहा हजार रुपये राखून ठेवायचे, हे सौद्यातच ठरवा. गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही करा. त्या मिनिटानंतरचा दंड तुमचा, आधीचा त्याचा.

विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा असतो, म्हणून हप्ता थोडा वाढेल. नुसत्या थर्ड पार्टीवर समाधान मानू नका. शिकाऊ हात असताना स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा पहिली दोन वर्षं तरी हवाच.

किंमत? २ लाख ७५ हजारांवरून २ लाख ४० हजारांपासून बोलायला सुरुवात करा. टायर, टाकीची चाचणी, नंबर प्लेट, हेडलाइट यांचा एकेक खर्च कागदावर मांडा आणि अडीच लाखांपाशी थांबा. बाजूला काढलेल्या ४० हजारांतून पहिल्या पंधरवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, तयार मिश्रणाचा कूलंट जुना पूर्ण काढून, ब्रेक ऑइल आणि चाकांचं अलाइनमेंट एवढं करून घ्या. ऑइल तीन लिटरच्या आतच लागतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचंच. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, पंपावाल्याच्या अंदाजाने भरू नका. दुसरी चावी मालकाकडून आठवणीने घ्या.

लर्निंग निघाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते आणि लर्निंग सहा महिने चालतं. तोपर्यंत पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगाचा एल आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, हे दोन्ही असल्याशिवाय गाडी काढू नका. एकट्याने चालवलीत तर दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की विमा कंपनी हात वर करेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीच्या आतल्या रुंद रस्त्यांवर मागे घेणं आणि चढावर क्लच धरून उभं राहणं एवढंच घोटा. सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरली की शहरातली गर्दी दुप्पट होते, त्या दिवसांत तरी गाडी घरीच ठेवा. आणि परीक्षा पास झाल्यावर पहिल्यांदा एकट्या कामावर जाल तेव्हा रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी निघा.